कच्च्या लोकरीपासून आसनापर्यंत: सांगलीतल्या लोकरकामाच्या वर्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वर्गात नेमकं काय शिकायला मिळतं?

मेंढीच्या अंगावरून कातरून आलेली, माती-काटे असलेली लोकर पहिल्या दिवशी तुमच्या हातात येते. शेवटच्या दिवशी ४५ सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर लांब असं एक आसन तुम्ही घरी नेता. मधल्या काळात लोकर निवडणं, धुणं, विंचरणं, पेळू (विंचरलेल्या लोकरीची सैल गुंडाळी) करणं, टकळीवर (हातानं फिरवायच्या चातीवर) सूत काढणं, ताणा (मागावरचे उभे धागे) लावणं, त्याला खळ (पिठाची पातळ पेज) देणं आणि विणणं ही सगळी कामं तुम्ही स्वतःच्या हातानं करता. वर्ग आठ रविवारी असतो, दर वेळी तीन तास.

क्रोशे आणि दोन सुयांवरचं विणकाम या वर्गात येत नाही. त्यासाठी तयार लोकर लागते, आणि आपल्याकडच्या मेंढीची लोकर त्या कामाला फारशी योग्य नाही. का, ते पुढे येईल.

मला शिवण-टिपण काहीच येत नाही. चालेल का?

चालेल. उलट ज्यांना मशीनवरच्या गुळगुळीत सुताची सवय आहे त्यांना पहिले दोन आठवडे जास्त जड जातात, कारण हाताचं सूत त्यांना सारखं "चुकलंय" असं वाटत राहतं.

लोकर कुठली वापरता? ती अंगाला टोचते का?

दख्खनी मेंढीची, बहुतेक माण, खटाव, आटपाडी आणि जत या भागातली. हो, टोचते. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, म्हणून तो गळ्याशी मऊ लागतो. दख्खनीचा तंतू त्याहून बराच जाड, आणि त्यात मधूनमधून राठ केसही असतात. त्याचा स्वेटर करायला गेलात तर निराशाच पदरात येईल. पण घोंगडी, जेन (लोकरीचं जाड अंथरूण), आसन, पायपुसणं, पिशवी यांसाठी हाच राठपणा कामाचा आहे. म्हसवडची घोंगडी पिढ्यानपिढ्या वापरात राहिली ती याच लोकरीमुळे. पावसात मेंढक्याच्या डोक्यावर, रात्री अंगाखाली, आणि तरी ती लवकर विरत नाही.

म्हणून पहिल्या दिवशीच सांगतो की ही लोकर मऊ करायच्या मागे लागू नका. ती स्वच्छ आणि मोकळी करा, बाकीचं तीच बघते.

त्यातल्या त्यात मऊ हवी असेल तर जावळ मागावं. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती थोडी मिळते आणि लगेच संपते, त्यामुळे वर्गात प्रत्येकाला मूठभरच देतो, फरक बोटांना कळावा म्हणून.

आमच्या गावातल्या मेंढपाळाकडून लोकर आणली तर चालेल का?

चालेल, आणि आम्हाला ते आवडेलही. लोकरीला भाव नसल्यानं कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, मग कित्येक ठिकाणी ती बांधावर टाकून दिली जाते. घेताना चार गोष्टी बघा.

लोकर या हंगामाची आहे का? आपल्याकडे वर्षातून दोनदा कातरतात. जुनी, पोत्यात दाबून ठेवलेली लोकर ओलीनं कुजते. एक बट दोन्ही हातांत धरून कानाजवळ झटकन ताणा. "तट्" असा आवाज येऊन तुटली तर ती लोकर सोडून द्या. पोटाकडची आणि शेपटीकडची लोकर वेगळी काढायला सांगा, तिच्यात लेंड्या आणि गोखरू जास्त असतात. आखूड तुकडे फार दिसले तर कातर दोनदा फिरली आहे असं समजा. असे तुकडे सुतातून गाठीसारखे वर येतात. आणि रंगवायचा विचार असेल तर पांढरीच निवडा, काळ्या-करड्या लोकरीवर रंग नीट दिसत नाही. माडग्याळ जातीची मेंढी पांढरी आणि तपकिरी डागांची असते, पण ती मुख्यतः मटणासाठी पाळतात, तिच्या अंगावर लोकर कमी. तेव्हा एकाच मेंढीवर भिस्त ठेवू नका.

एका आसनाला किती लोकर लागते?

कच्ची ५०० ग्रॅम. हिशेब असा: धुतल्यावर माती आणि मळ जाऊन पाव ते तिसरा हिस्सा वजन घटतं, म्हणजे उरतात साधारण ३५० ग्रॅम. विंचरताना काटे, आखूड तुकडे आणि धूळ जाऊन ३०० ग्रॅमच्या आसपास हातात राहतात. आमच्या आसनाला एका मीटरला एक ग्रॅम भरेल इतकं जाड सूत लागतं. ४५ सेंटीमीटर रुंदीत, सेंटीमीटरला ३ धागे धरून, ताण्याचे १३५ धागे होतात. प्रत्येक धागा १२० सेंटीमीटर, कारण ६० सेंटीमीटर आसन, विणताना आखडण्यासाठी ६ सेंटीमीटर, आणि मागावर बांधाबांधीत वाया जाणारे साधारण ५४ सेंटीमीटर. झाले १६२ मीटर. बाण्याला (आडव्या धाग्याला) ६० सेंटीमीटरमध्ये १८० फेरे, प्रत्येकी अर्धा मीटर, म्हणजे ९० मीटर. एकूण २५२ मीटर, म्हणजे तितकेच ग्रॅम. उरलेले ४०–५० ग्रॅम तुटफुटीला आणि सरावाला.

घरी लोकर धुतली आणि तिचा गोळाच झाला. काय चुकलं?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की ते उघडतात, आणि त्यात चोळलं किंवा एकदम गारगरम केलं की एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. म्हणजे चूक सहसा तीनपैकी एक असते: कपड्यासारखं चोळलं, गरम पाण्यातून काढून थेट नळाच्या गार पाण्यात टाकलं, किंवा वरून नळाची धार सोडली.

बरोबर पद्धत अशी. लोकर आधी हातानं झटकून सैल करा. बादलीत गार पाणी भरा, त्यावर लोकर ठेवा, दाबू नका, आपोआप बुडू द्या. रात्रभर राहू द्या. सकाळी तळाशी गाळाचा थर दिसेल. दख्खनी लोकरीत चरबी कमी आणि माती जास्त, त्यामुळे निम्मं काम हे गार पाणीच करतं. लोकर दोन्ही हातांनी खालून उचलून चाळणीवर ठेवा, पाणी बदला, पुन्हा तासभर. असं तीन-चार वेळा, पाणी नितळ दिसेपर्यंत.

मग दहा लिटर पाणी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवा (हात घातला तर सोसवतं, पण फार वेळ ठेववत नाही इतकं). त्यात रिठ्याचं पाणी घाला, लोकर सोडा, २० मिनिटं हलवू नका. पाणी थंड व्हायच्या आत लोकर काढा आणि तितक्याच गरम साध्या पाण्यात दोनदा बुडवा. पिळायचं नाही. पंच्यात गुंडाळून दाबा, आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी जाळीवर पसरा.

रिठेच का? शाम्पू किंवा कपड्याची पावडर चालणार नाही का?

कपड्याची पावडर अजिबात नको. ती क्षारी असते आणि लोकर क्षारात कमजोर होते. सूत हातात घेतलं की ताठ, निर्जीव लागतं. साधा शाम्पू चालतो. पण सांगली-मिरज भागात पुष्कळ घरी बोअरचं पाणी आहे, ते जड. त्यात अंगाच्या साबणाचा पांढरा चिकट साका लोकरीवर बसतो. रिठ्याचा फेस जड पाण्यातही फुटत नाही. अर्ध्या किलो लोकरीला दहा-बारा रिठे, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी १५ मिनिटं उकळायचे आणि गाळून घ्यायचे. डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतं.

विंचरणं इतकं महत्त्वाचं आहे का? थेट कातायला घेतलं तर?

वर्गातला दुसरा रविवार पूर्ण यात जातो आणि लोकांना कंटाळा येतो, हे आम्हाला माहीत आहे. तरीही तो कमी करत नाही. सुतात जी गाठ, जो जाड भाग, जी तूट दिसते ती बहुतेक विंचरताना राहिलेली असते.

तारेच्या दातांच्या दोन पाट्या असतात, त्यांना आम्ही कार्ड म्हणतो. डाव्या कार्डवर लोकरीचा पातळ थर लावा, दात जेमतेम झाकतील इतकाच, पाच-सहा ग्रॅम. उजवं कार्ड वरून हलक्या हातानं ओढा. दातांवर दात घासल्याचा खर्र आवाज आला तर तुम्ही फार दाबताय. तार वाकते आणि तंतू तुटतात. आवाज केस विंचरल्यासारखा यायला हवा. तीन-चारदा ओढलं की लोकर दुसऱ्या कार्डवर घ्या, परत तसंच करा. मग थर उचलून जाडसर काडीवर गुंडाळा, काडी काढा. झाला पेळू. उजेडाकडे धरून बघा: सगळीकडे सारखा धूसर दिसला तर चांगला, गडद ठिपके दिसले तर पुन्हा कार्डवर.

धूळ उडते, त्यामुळे हे काम अंगणात आणि मास्क लावून.

टकळी का? चरख्यावर लवकर होत नाही का?

होतं. पण चरख्यात हात, चाक आणि चाती एकाच वेळी सांभाळावी लागते, आणि चूक झाली तर ती का झाली हे नवख्याला कळत नाही. टकळीत तुम्ही थांबू शकता. जाड लोकरीसाठी ४० ते ५० ग्रॅमची टकळी घ्या. कापसाची हलकी टकळी या लोकरीला पीळ देऊ शकत नाही, दोन फेऱ्यांत थांबून उलटी फिरते.

सुरुवातीला "थांबवून ओढा" ही पद्धत. टकळी फिरवा, पीळ साठू द्या, मग ती गुडघ्यांत धरा. आता एका हाताची चिमूट सुतावर, दुसऱ्या हातानं पेळूतून तंतू हळू मागे ओढा, चार बोटं लांब. मग चिमूट सैल करून पीळ वर चढू द्या. चिमटीच्या वर पीळ गेला की ओढता येत नाही, हे एकदा बोटांना समजलं की निम्मी कताई आली.

कापसापासून सुरुवात करावी का?

नको. कापसाचा तंतू अडीच-तीन सेंटीमीटरचा. त्याला पीळ जास्त, वेग जास्त आणि हात हलका लागतो. लोकरीचा तंतू बोटभर लांब असतो, चुकीला जागा देतो.

सूत सारखं तुटतं, किंवा स्वतःभोवतीच वळतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुटलेलं टोक बघा. तंतू सरकून, पिसासारखं सुटलं असेल तर पीळ कमी पडला. टोक ताठ, वळलेलं आणि तुकडा पडल्यासारखं असेल तर पीळ जास्त झाला. स्वतःभोवती वळणारं सूतही जास्त पिळाचंच. ते टाकू नका, टकळी उलटी फिरवून थोडा पीळ काढा.

जाड-बारीक का होतं? पीळ नेहमी बारीक जागी आधी धावतो. जाड भागात पीळ पोचतच नाही, तो मऊ आणि कच्चा राहतो. असा भाग दिसला की दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून किंचित उलटा फिरवा आणि ओढा, तो लांबून बारीक होतो. जोडताना दोन्ही टोकं पिंजून पंख्यासारखी करा, सात-आठ सेंटीमीटर एकावर एक ठेवा, मग पीळ द्या. गाठ मारू नका. गाठ फणीत, म्हणजे ताण्याचे धागे ज्यातून जातात त्या मागावरच्या कंगव्यात, अडकते.

झालेलं सूत फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) घेऊन लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा आणि खाली हलकं वजन लावून वाळवा. हे केलं नाही तर ताणा लावताना प्रत्येक धागा साप फिरल्यासारखा वळवळतो.

वर्गाबाहेर घरी किती वेळ द्यावा लागेल?

तिसरा ते पाचवा रविवार कताईचा आहे. नवखा माणूस तासाला १५ ते २५ मीटर सूत काढतो. वर्गाच्या नऊ तासांत २५२ मीटर पूर्ण होत नाहीत. म्हणून त्या तीन आठवड्यांत रोज अर्धा तास घरी टकळी धरावी लागेल. टकळी घरी न्यायला देतो.

ताण्याला खळ कसली लावता? आणि पावसाळ्यात हा वर्ग का नसतो?

चिंचोक्याची. घोंगडीला परंपरेनं हीच खळ देतात, कारण एकेरी हातसूत केसाळ असतं आणि फणीतून घासताना त्याची लव निघून धागा तुटतो. खळ ती लव बसवते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे किंवा पीठ करायचं. एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम पीठ: आधी गार पाण्यात गुठळी न राहील असं कालवून, मग मंद आचेवर सतत ढवळत, चमच्याला पातळ थर धरेपर्यंत शिजवा. गुठळी राहिली तर ती धाग्यावर मण्यासारखी वाळते आणि फणीत तोच धागा तुटतो.

ताणा बाहेर ताणून बांधायचा आणि कुंच्यानं एकाच दिशेनं खळ द्यायची. वाळायच्या आत धागे बोटांनी एकेक मोकळे करायचे. हे राहिलं तर दहा-दहा धागे चिकटून पट्टी होते. थंडीच्या उन्हात तासा-दीड तासात ताणा वाळतो. पावसाळ्यात तो दिवसभर ओलसर राहतो, खळ आंबते, वास येतो आणि बुरशी धरते. म्हणून वर्ग नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खळ नेहमी त्या दिवसापुरतीच शिजवा.

विणताना दोन्ही किनारी आत का येतात?

बाण्याचा धागा सरळ आणि ताणून टाकल्यामुळे. बाण्याला ताण्याच्या वरून-खालून जायचं असतं, म्हणजे त्याला रुंदीपेक्षा थोडी जास्त लांबी हवी. धोटा (बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारं साधन) पलीकडे गेला की धागा तिरपा ठेवा, मधे कमानीसारखा उचला, किनारीचा शेवटचा धागा अंगठ्यानं हलका धरा, मग फणी ठोका. दर दहा सेंटीमीटरला पट्टीनं रुंदी मोजा. ४५ ची ४३ झाली असेल तर लगेच लक्षात येतं, ४० झाल्यावर किनारीचे ताण्याचे धागे फणीत घासून तुटायला लागतात.

पावडीवर (मागाखालच्या पायपट्टीवर) पाय बदलायच्या आधी फणी ठोकायची की नंतर, यावर वाद होतात. आम्ही एकदा आधी आणि एकदा नंतर ठोकायला शिकवतो. जाड लोकरीला दोन्ही लागतात.

मधेच ताण्याचा धागा तुटला तर सगळं उसवायचं का?

नाही. तितक्याच जाडीचा नवा धागा घ्या, वही (ताण्याचे धागे वर-खाली करणारा मागाचा भाग) आणि फणी यांतून त्याच जागी ओवा, मागच्या बाजूला जुन्या टोकाला बांधा. पुढे विणलेल्या भागात टाचणी खोचून नवा धागा तिच्याभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळा, ताण शेजारच्या धाग्यांइतका ठेवा आणि विणत राहा. टोकं नंतर सुईनं आत घ्या. विटा किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम केलेले लोक वर्गात येतात, त्यांना हे सांगावं लागत नाही.

सांगलीची हळद इतकी प्रसिद्ध. तिनं लोकर रंगवता येईल ना?

येईल, आणि पहिल्या दिवशी रंग फार सुंदर दिसतो. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. खिडकीजवळ ठेवलेलं आसन काही आठवड्यांत फिकट पडतं, आणि साबणाच्या क्षारानं पिवळ्याचं लालसर-तपकिरी होतं. म्हणून नमुना म्हणून दाखवतो, आसनाला वापरत नाही.

टिकाऊ पिवळ्यासाठी डाळिंबाची साल घ्या, आटपाडीकडे ती ढिगानं मिळते. १०० ग्रॅम धुतलेल्या लोकरीला १२ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, ८० अंशांच्या आसपास एक तास. उकळू द्यायचं नाही, हळूहळू तापवायचं आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. वेगळ्या भांड्यात १०० ग्रॅम वाळकी साल तासभर उकळून गाळा, त्यात लोकर पुन्हा तासभर. मातकट पिवळा येतो. शेवटी दोन ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) घातलं तर तोच रंग गडद, काळपट होतो. दोन ग्रॅमच, जास्त घातलं की लोकर ठिसूळ होते, हा दोष वर्षभरानं दिसतो. रंगाची भांडी स्वयंपाकाला परत वापरू नका.

लहान मुलांना घेता का? दमा असेल तर?

बारा वर्षांपुढच्या मुलांना घेतो. दमा असेल तर धुणं आणि विंचरणं हे दोन रविवार टाळा, धुतलेली आणि विंचरलेली लोकर आम्ही देतो.

येताना काय घालावं, काय आणावं?

सुती कपडे, जुने. लांब केस बांधून, ओढणी किंवा पदर खोचून. सोबत एक पंचा, एक जुनी उशीची खोळ, पट्टी आणि पाण्याची बाटली. बाकी साहित्य शुल्कात येतं.

शिकून झाल्यावर विकता येईल का?

येईल, पण आधी वेळेचा हिशेब घाला. एका आसनाच्या कताईलाच हात बसल्यावरही दहा-बारा तास लागतात, त्यात धुणं, विंचरणं, ताणा आणि विणणं धरलं की वीस तासांच्या पुढे जातं. त्या वीस तासांची मजुरी जो देईल तोच तुमचा गिऱ्हाईक. बाजारातल्या यंत्रावरच्या चादरीशी किमतीत बरोबरी करायला गेलात तर स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडावं लागेल. विकायचंच असेल तर चरखा घ्या, एकाच मापाचं एकच नग दहा वेळा विणा, आणि लोकर कुठल्या गावची हे चिठ्ठीवर लिहा. गिऱ्हाईक तेच आधी विचारतं.

आसन घरी नेल्यावर कसर लागू नये म्हणून काय करावं?

वापरात असलेल्या लोकरीला कसर सहसा लागत नाही, पेटीत घडी करून ठेवलेल्याला लागते. दर महिन्याला दोन तास उन्हात टाका आणि काठीनं झटका, घड्यांमधली अंडी झडतात. ठेवताना पूर्ण स्वच्छ असू द्या, कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांकडे आधी जाते. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, पण त्यानं कसर मरत नाही, फक्त यायला कचरते. नवं आसन पहिल्यांदा धुताना खळीचा पांढुरका रंग पाण्यात उतरेल, घाबरू नका. गार पाण्यात बुडवा, दाबा, आडवं वाळवा. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनानं ते लांबतं आणि पुन्हा मूळ मापात येत नाही.